पेल एल चाखायची तर आधी बर्फाळ ग्लास बाजूला ठेवा

आपल्याकडे बिअर म्हटली की ‘एकदम चिल्ड’. लागर या नेहमीच्या हलक्या बिअरला ते चालून जातं. पेल एल या बिअरच्या प्रकाराची सगळी मजा मात्र हॉप्सच्या (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) वासात आणि त्याखालच्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) चवीत असते. अतिथंड बिअरमधून वास वर येत नाही, जीभ बधिर होते आणि हाती उरतो नुसता गॅस आणि कडवटपणा. ‘क्राफ्ट बिअर फार कडू असते बुवा’ या छोट्या ब्रुअरींच्या बिअरबद्दलच्या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. ७ ते १० अंश सेल्सिअस हे योग्य तापमान. घरच्या फ्रीजमधून काढलेला कॅन दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. मे महिन्यात नागपूरला असाल तर पाचच.

विकत घेताना भरल्याची तारीख बघा. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, म्हणून तीन महिन्यांच्या आतलीच घ्यावी, तीही दुकानाच्या फ्रीजमधली. कॅन उत्तम, नाहीतर तपकिरी बाटली. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून ऊन लागलं तर हॉप्समधली द्रव्यं फुटतात आणि जळक्या रबराकडे झुकणारा कुबट वास येतो. भरलेला ग्लास उन्हात ठेवला तरी काही मिनिटांत तेच होतं.

दुधाचा ग्लास वापरू नका. स्निग्धपणाचा अंश राहिला तरी फेस बसतो. ग्लास साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळखळवा, फडक्याने न पुसता उपडा ठेवा आणि ओतण्याआधी गार पाणी फिरवून घ्या. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास स्वच्छ नव्हता.

ग्लास ४५ अंशांत तिरका धरून ओतायला लागा, अर्धा झाला की सरळ करा. वर दोन बोटं फेस हवाच, वास त्यातूनच नाकापर्यंत येतो. काठोकाठ भरू नका. चाखायला दीडशे मिली पुरे. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असेल तर शेवटचा घोटभर बाटलीतच राहू द्या.

आता प्यायची घाई नको. ग्लासवर तळवा ठेवून हलकेच फिरवा, तळवा काढा आणि दोन-तीन छोटे हुंगे घ्या. एकच लांब श्वास घेतला तर नाक लगेच सरावतं. काय शोधायचं हे ठरवायला सिएरा नेवाडा पेल एल हा चांगला मापदंड आहे: कॅलिफोर्नियातल्या चिको गावची, १९८० पासूनची, कॅस्केड हॉप्सची, अल्कोहोल ५.६ टक्के, कडवटपणा ३८ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). कॅस्केड म्हणजे पपनसाची साल, थोडी फुलं, थोडा चिडाच्या (पाइनच्या) झाडाचा डिंक. सिट्रा हॉप्स असतील तर आंबा-लिचीकडे जाणारा वास मिळेल. त्याखाली भाजलेला पाव किंवा बिस्किट जाणवलं तर तो माल्ट.

पहिला घोट तोंड धुण्यापुरता, त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट जिभेवर तीन-चार सेकंद फिरवून गिळा. वाइनसारखं थुंकून चालत नाही, कारण कडवटपणाचा खरा अंदाज गिळल्यानंतरच येतो. गिळल्यावर ओठ मिटून नाकाने श्वास सोडा. वासाचा दुसरा हप्ता इथे मिळतो. आधी माल्टचा गोडवा, मग कडवटपणा, मग तोंड मोकळं, असा क्रम जमला तर बिअर जमली. कडू आणि तुरट यांत मात्र गल्लत नको. कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळलं तर तो हॉप्सचा गुण नव्हे. माल्ट धुण्याचं पाणी जास्त तापलं की धान्याच्या टरफलातलं टॅनिन उतरतं, त्याचा तो दोष. आयबीयूच्या आकड्यावरही फार जाऊ नका. माल्ट भरपूर असेल तर ४५ सुद्धा सौम्य लागतात.

पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास आणि जिभेवर बुळबुळीतपणा म्हणजे आंबवताना तयार होणारं द्रव्य, डायअॅसिटिल. बहुधा यीस्टला काम पुरं करायला वेळ दिलेला नसतो. हिरव्या सफरचंदाचा वासही कच्च्या बिअरचाच. उकडलेल्या कणसाचा वास आला तर उकळी कमी पडली, ओल्या पुठ्ठ्याचा आला तर ऑक्सिजन शिरला. मायक्रोब्रुअरीत टॅपच्या बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास आला तर नळ्या साफ नसण्याची शक्यता असते. मोठा ग्लास मागवण्याआधी चाखायला थोडी मागून घ्या, त्यात संकोच कसला!

चाखताना सोबत साधं पाणी आणि कोरा पाव, बस. शेव, चकली, मसाला शेंगदाणे नंतर. कडवटपणा आणि गॅस दोन्ही तिखटाचा जाळ वाढवतात. जेवणाबरोबर घ्यायचीच असेल तर कमी तिखटाचा सुरमई फ्राय छान जुळतो. दोन-तीन प्रकार असतील तर हलक्यापासून कडूकडे जा. उलट गेलात तर हलकी बिअर पाणचट वाटणारच.

अर्धा ग्लास मुद्दाम मागे ठेवा आणि वीस मिनिटांनी परत चाखा. थंडपणाने झाकलेले दोष आता वर येतात. इथेही बिअर चिकट-गोड न होता पपनसाचा वास टिकून असेल, तर त्याच तारखेचे आणखी दोन कॅन घ्यायला हरकत नाही.