बागी-दरोडेखोरांचा पिक्चर बघायचाय? मग शेवट आधी बघा

आमच्या बेळगावकडच्या खानापूर साईडला दरोडेखोराचा पिक्चर म्हटलं की निम्मे लोक फायटिंगला बसतात आणि निम्मे शेवटी डोळे पुसायला, मी पण त्यातलाच. पण रविवारी मित्राच्या पडवीत प्रोजेक्टर लावून चार-पाच जण बघायला लागलो तसं बघता बघता एक पद्धत बसली, तीच सांगतो, पटली तर करून बघा.

आधी शेवटची दहा मिनिटं लावा. व्हय, उलटंच. कारण पिक्चरभर हिरो कितीबी गरजला तरी खरी सत्ता कुणाची ते शेवटाला कळतंय. शोलेच घ्या की, १९७५ चा, आणीबाणीतला. ठाकूर खिळ्याच्या बुटांनी गब्बरला तुडवून मारतो असा शेवट शूट झालेला, पण सेन्सॉरला ते चाललं नाही, मग ऐनवेळी पोलीस आणून गब्बरला त्यांच्या हवाली केला. म्हणजे माजी पोलीस अधिकाऱ्यानंसुद्धा कायदा हातात घेतलेला सरकारला पडद्यावर नको होता! हे डोक्यात ठेवून पिक्चर पहिल्यापासून लावा, वेगळाच दिसतो.

आता बघताना तलवार-बंदूक सोडा आणि कागद शोधा. सातबारा, सारा, वॉरंट, हजेरीचं रजिस्टर, काय असेल ते. माणूस रानात जातो तो बहुतेक वेळा कुठल्यातरी कागदामुळंच. आपला संगोळी रायण्णा बघा, राणी चन्नम्माचा लढवय्या, तिचं कित्तूर संस्थान पडल्यावर इंग्रजांनी त्याची जमीन काढून घेतली, उरलेल्या तुकड्यावर जबर सारा बसवला, आणि मग त्यानं काय केलं तर सरकारी कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. त्याच्यावर २०१२ ला कन्नडमध्ये मोठा पिक्चर आला, दर्शन नावाच्या हिरोचा. असल्या पिक्चरमध्ये कचेरी पेटली की आमची पोरं शिट्ट्या मारतात, मी मात्र तिथं पॉज करतो आणि विचारतो, आत कपाटात काय होतं रे? शेताचे हिशेब. माझ्या मते सगळ्या पिक्चरमधला सगळ्यात राजकीय सीन तोच, आणि डायरेक्टर लोक तो अर्ध्या मिनिटात उरकतात.

‘पान सिंग तोमर’मध्ये पण तेच, भांडण जमिनीचं, देशासाठी शर्यतीत पळालेला धावपटू पोलीस ठाण्यात जातो आणि तिथं त्याच्या मेडलला कोण विचारत नाही. पुढच्या सगळ्या गोळ्या त्या टेबलावरनंच सुटल्यात असं समजा.

दुसरं, भाकरी कोण देतंय ते मोजा. रानातल्या माणसाला गाव जेवू घालतं, निरोप पोचवतं, म्हणून सरकार आधी गावाला धरतं. अण्णाभाऊंच्या फकिराची कथा माहीत असेल तर हे लगेच ओळखता येईल, दुष्काळात धान्य लुटून वाटणारा माणूस शेवटी आपली माणसं सुटावीत म्हणून स्वतः हजर होतो. फितुरीचा सीन आला की फितुराला शिव्या घाला, पण त्याला बक्षीस कोण देतंय तिकडंपण बघा. पिक्चरवाले फितुराला काळा चष्मा, वाकडं हसू देऊन मोकळे होतात, देणारा साहेब बाजूलाच राहतो.

एक वही ठेवा आणि रानातल्या माणसाला कोण काय म्हणतंय ते लिहा. दरोडेखोर, बंडखोर, बागी, क्रांतिवीर, राजे. पिक्चरच्या कुठल्या मिनिटाला शब्द बदलला तेपण. आमच्यात एक काका कन्नड शाळेत शिकलेले, ते म्हणतात आमच्या कन्नड लावणीत, म्हणजे तुमच्या पोवाड्यासारख्या गाण्यात, रायण्णा पहिल्या ओळीपासनं वीरच आहे. गंमत अशी की त्याची लावणी फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानंच गोळा करून छापली, ज्यांनी फाशी दिली त्यांच्याच माणसानं! म्हणून कथा कुणाच्या हातातनं आली ते विचारायलाच पाहिजे. फूलनदेवीवर १९९४ ला ‘बँडिट क्वीन’ आला तेव्हा ती जिवंत होती आणि तिनं स्वतः त्याच्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. बंड तिनं केलं आणि ते दाखवायचं कसं ते ठरवलं दुसऱ्यांनी, हा पिक्चर बघताना माझी तरी आधी तिथंच गाडी अडते.

आणि जमलं तर मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी माणसं एकत्र बसवा. सबटायटलवर भागत नाही, कुठल्या डायलॉगला कोण हसतंय आणि कोण गप्प होतंय ते शेजारी बसूनच कळतंय. आमच्याकडे एकदा भाषेवरनं वाजलं, पिक्चर अर्ध्यात बंद, चहा झाला, मग परत लावला.

शेवटी एक दिवस काढून खानापूरजवळच्या नंदगडला जाऊन या. २६ जानेवारी १८३१ ला रायण्णाला तिथं वडाला फाशी दिली. आता लोक त्याच्या समाधीवरच्या वडाला मूल होऊ दे म्हणून पाळणे बांधतात. तिथं जरा वेळ बसा, घरी येऊन त्याच्या पिक्चरचा शेवट परत लावा, आणि वहीत बघा तुम्ही त्याच्यापुढं आधी काय शब्द लिहिला होता.