कलम 19(2) मध्ये ‘भावना’ शोधताना

साताऱ्यात वकिली सुरू करून मला सहा वर्षे झाली, तरी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे प्रकरण हाती आले की पहिल्या वर्षातला एक दिवस आठवून अजूनही कानशिले तापतात. मोबाइलच्या स्टेटसवर टाकलेल्या दोन ओळींवरून एका तरुणावर तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम 295-अ खाली, म्हणजे धार्मिक भावना दुखावण्यासाठी धर्माचा अपमान केल्याचा, गुन्हा नोंदला गेला होता आणि अटकपूर्व जामीनअर्जाचे टिपण सिनियरांनी माझ्यावर सोपवले होते. रात्र जागून मी 11 पाने लिहिली, आणि त्या सगळ्यांचा भार एकाच मुद्द्यावर टाकला, तो म्हणजे या मजकुराने कुणाच्याही धार्मिक भावना दुखावलेल्या नाहीत. सरकारी वकिलांनी शांतपणे 9 जबाब पुढे ठेवले. नऊही जणांच्या भावना दुखावल्या होत्या. मग न्यायाधीशांनी मला विचारले, “वकील मॅडम, कलम 19(2) मध्ये ‘भावना’ हा शब्द कुठे आहे, तेवढे वाचून दाखवता का?” मी संविधानाची प्रत उघडून त्या ओळींवरून दोनदा बोट फिरवले. शब्द सापडला नाही, कारण तो तिथे नाहीच.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी हा सापळा नीट समजून घ्यावा, म्हणून थोडे लांबवते. संविधानाच्या कलम 19(2) मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या वाजवी निर्बंधांची 8 कारणे आहेत. सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी यांपलीकडे नववे कारण जोडता येत नाही, हे कौशल किशोर प्रकरणात 2023 मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले. 295-अ टिकले ते भावनांच्या आधारावर नव्हे. रामजीलाल मोदी प्रकरणात 1957 मध्ये ते वैध ठरले, कारण बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट उद्देशाने केलेल्या अपमानापुरतेच ते मर्यादित आहे आणि असा अपमान सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक ठरू शकतो, असे न्यायालयाने मानले. म्हणजे प्रश्न लिहिणाऱ्याच्या उद्देशाचा आहे, वाचणाऱ्याच्या दुखावण्याचा नाही. मी “भावना दुखावल्या नाहीत” असे लिहिले तेव्हाच भावना ही कसोटी मान्य करून बसले आणि अशिलाला समोरच्याच्या मैदानात नेऊन उभे केले. त्याला जामीन मिळाला, पण तो सिनियरांनी दोन मिनिटांत अर्नेश कुमार निकालाच्या आधारे, अनावश्यक अटकेच्या मुद्द्यावर मिळवला. माझी 11 पाने कुणी उलटलीही नाहीत.

1 जुलै 2024 पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत 299 क्रमांकाने आले आहे. क्रमांक बदलला, उद्देशाची अट बदललेली नाही. इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरच्या गुन्ह्याचा मार्च 2025 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र मुळातून वाचा. शब्दांचा परिणाम हळव्या, सतत धास्तावलेल्या माणसाच्या नव्हे, तर खंबीर माणसाच्या मापाने तपासावा, ही जुन्या नागपूर न्यायालयातली कसोटी तिथे पुन्हा आली आहे, आणि अशा गुन्ह्यांत नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशी का करावी, हेही सांगितले आहे. यंत्राने काढलेल्या सारांशावर विसंबू नका. हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या माथ्यावर छापलेल्या सारांशावर, तर मुळीच नको. हेडनोट ही वाटेवरची पाटी असते, गाव नव्हे.

धर्मस्वातंत्र्याकडे वळताना हीच चूक उलट्या बाजूने होते. कलम 25 मध्ये कलम 19(2) सारखे ‘वाजवी निर्बंध’ हे शब्द नाहीत. तिथे हक्कच मुळात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि संविधानाच्या मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन राहून दिलेला आहे. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजा घ्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 आणि परंपरा यांचा वाद लिहिताना ‘वाजवी निर्बंध’ म्हणून सुटका होत नाही. ही प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का, की धर्माशी जोडलेली लौकिक कृती आहे, असे विचारावे लागते. 1954 च्या शिरूर मठ निकालापासून चालत आलेली ही अत्यावश्यक भागाची कसोटी मला स्वतःला पटत नाही, कारण न्यायाधीशांना धर्मशास्त्री व्हावे लागते. पण माझे मत अर्जात चालत नाही, तुमचेही चालणार नाही. हिजाबच्या प्रकरणात 2022 मध्ये दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही आणि शबरीमला प्रकरणातले प्रश्न 2019 मध्ये मोठ्या पीठाकडे गेले, तेव्हा ही गाठ तुम्हाला पहिल्या वर्षी सुटली नाही, तर घाबरून जाऊ नका.

सिनियर निवडताना एकच पाहा, की तो तुमचे टिपण लाल शाईने परत देतो का. फक्त तारखा घ्यायला पाठवणाऱ्याकडे वर्षभराहून अधिक थांबू नये, असे माझे ठाम मत आहे, मग त्याचे नाव कितीही मोठे असो. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, बसते आहे. मुंबईपर्यंत जाण्याचे भाडे आता कारण म्हणून सांगता येणार नाही.

टिपण लिहून झाले की मी आजही पेन्सिल घेऊन ‘भावना’ या प्रत्येक शब्दाभोवती गोल काढते आणि प्रत्येक गोलाशेजारी 8 पैकी एक कारण किंवा ‘उद्देश’ असे लिहिता येते का, ते पाहते. गेल्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या नव्या ज्युनिअरच्या 7 पानांत असे 19 गोल निघाले. ती पाने मी लाल शाईने परत दिली आहेत आणि ही ज्युनिअर सध्या माझ्याशी फारशी बोलत नाही.