कॉर्पोरेट ॲक्शनचं काम बाहेर देताय? व्हेंडरच्या खुर्चीतून काही सूचना

मी स्वतः व्हेंडर आहे. नाशिकला इंदिरानगरात आमचं छोटं युनिट आहे. मुंबईच्या पोर्टफोलिओ मॅनेजरांचं बॅक ऑफिस आम्ही सांभाळतो. कंपनीने लाभांश, बोनस, राइट्स असं काही जाहीर केलं की त्याला कॉर्पोरेट ॲक्शन म्हणतात; ग्राहकांच्या शेअरपुरता त्याचा हिशेब, नोंदी आणि पाठपुरावा हे आमचं काम. त्यामुळे खालच्या काही गोष्टी माझ्याच धंद्याला अडचणीच्या आहेत. तरी सांगते, कारण घाईत दिलेलं काम शेवटी दोघांच्याही गळ्यात येतं.

सगळं काम एका गठ्ठ्यात देऊ नका. आधी दोन ढीग करा. लाभांश, बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे अनेक) यांत भागधारकाला काही ठरवायचं नसतं. हा ढीग बिनधास्त द्या. राइट्स (आहेत त्या भागधारकांना ठरलेल्या भावाने नवे शेअर), बायबॅक (कंपनी स्वतःचेच शेअर परत विकत घेते), ओपन ऑफर (कंपनीचा ताबा घेणारा भागधारकांचे शेअर विकत घेऊ पाहतो) यांत मात्र कोणीतरी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं लागतं. त्यातलं माहिती गोळा करणं, पात्रता मोजणं, आठवण करणं आमच्याकडे द्या, पण होकार-नकार तुमच्या फंड मॅनेजरचाच हवा, तोही लेखी. सेबीच्या १५ डिसेंबर २०११ च्या परिपत्रकानुसार मुख्य व्यवसाय आणि कम्प्लायन्स (नियमपालन) बाहेर देता येत नाही, आणि काम बाहेर गेलं तरी जबाबदारी तुमचीच राहते. ‘व्हेंडरने कळवलं नाही’ हे उत्तर तुमचा ग्राहकही ऐकून घेणार नाही.

आता मुदतीचं बघू. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. समजा, राइट्स इश्यू शुक्रवारी बंद होतोय. कस्टोडियनचा (ग्राहकांचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा) कटऑफ गुरुवारी दुपारी, आम्हाला सूचना हवी बुधवारी चारपर्यंत, म्हणजे फंड मॅनेजरने मंगळवारी ठरवायला हवं. ही सगळी साखळी कराराच्या परिशिष्टात वारासकट लिहा. त्याशेजारीच लिहा की उत्तर आलंच नाही तर काय करायचं. बायबॅकमध्ये गप्प बसलं तर शेअर आहेत तिथेच राहतात. राइट्समध्ये गप्प बसलं तर हक्क लॅप्स होतो, त्याची किंमत शून्य. शिवाय हक्क बाजारात विकून टाकायचा असेल तर त्याची मुदत इश्यूच्या आधीच काही दिवस संपते. म्हणून ‘रिमाइंडर पाठवू’ एवढ्यावर समाधान मानू नका. तिसऱ्या मेलनंतर फोन कोणाला, तो नाही उचलला तर पुढचा कोणाला, ही नावं मागा.

२७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस वनवर (सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर आणि पैशांची देवघेव) आल्यामुळे एक्स-डेट (ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला लाभ मिळत नाही) आणि रेकॉर्ड डेट (ज्या दिवशी नोंदीत असणाऱ्यालाच लाभ मिळतो) सहसा एकाच दिवशी पडतात. पूर्वी मिळणारी मधल्या दिवसाची उसंत गेली. होल्डिंगची फाइल तुमच्याकडून किती वाजता निघते, हे त्यामुळे महत्त्वाचं झालंय. व्हेंडर कितीही चांगला असला तरी शिळ्या फाइलवर पात्रता चुकणारच.

व्हेंडर निवडताना प्रेझेंटेशन बघत बसू नका, जुने इव्हेंट सोडवायला द्या. माझे आवडते तीन. एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेचं २०२३ चं मर्जर: एचडीएफसीच्या २५ शेअरमागे बँकेचे ४२. ज्याच्याकडे जुने ३० होते त्याला ५० पूर्णांक ४ दशांश येतात. ५० खात्यात दिसतात, अपूर्णांकाचे पैसे नंतर वेगळे येतात. ते पैसे कोणत्या नोंदीला लावणार, हे विचारा. दुसरा रिलायन्स-जिओ फायनान्शियल डीमर्जर (एका कंपनीतून दुसरी वेगळी काढणं), रेकॉर्ड डेट २० जुलै २०२३. इथे खरेदीची किंमत रिलायन्सला ९५.३२ आणि जिओला ४.६८ टक्के अशी विभागावी लागते. शेअर जमा करून ‘झालं’ म्हणणारा तिथेच कळतो. तिसरा रिलायन्सचा २०२० चा राइट्स: दर १५ शेअरमागे १, भाव १,२५७ रुपये, पण अर्जासोबत फक्त ३१४.२५. उरलेल्या पैशांचे कॉल (मागण्या) २०२१ मध्ये आले. वर्षभराने येणारी रक्कम ज्याच्या सिस्टिममध्ये डायरीला लागत नाही, त्याला चहा पाजून परत पाठवा.

लाभांश साधा वाटतो, पण रिकन (अपेक्षित आणि आलेल्या रकमेचा मेळ घालणं) तिथेच साचतं. कंपनी कायद्याप्रमाणे जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत पैसे यायला हवेत. अपेक्षित रक्कम, टीडीएस आणि हातात आलेली रक्कम असे तीन वेगळे रकाने मागा, आणि ३० दिवस उलटलेल्यांची यादी दर आठवड्याला. मेकर (नोंद करणारा) आणि चेकर (ती तपासणारा) वेगळी माणसं आहेत ना, हेही बघा. लहान युनिटमध्ये चेकर रजेवर गेला की मेकरच चेकर होतो. आमच्याकडे काय होतं, हेही विचाराच.

पैशांचं थोडक्यात: माणशी दर देऊ नका, तो आम्हाला सोयीचा असतो. ठरावीक महिना अधिक इव्हेंटमागे दर असं ठेवा. नुकसानभरपाईची मर्यादा व्हेंडर सहसा काही महिन्यांच्या फीएवढी घालतो. चुकलेल्या एका राइट्सचं नुकसान त्याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतं. प्रोफेशनल इंडेम्निटी विमा (कामातल्या चुकीची भरपाई देणारा) आहे का, ते बघूनच सही करा.

आणि प्रत्यक्ष येऊन जागा बघा. मुंबईहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येतं. वीज गेली तर काय, दुसरी इंटरनेट लाइन कुठून येते, हे विचाराल तसं एक नाशिकचं विचारा: सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. एजीएम (कंपन्यांच्या वार्षिक सभा) आणि लाभांशाची खरी गर्दी नेमकी त्याच दोन महिन्यांत असते, कारण मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांना ३० सप्टेंबरपर्यंत सभा घ्यावी लागते. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असताना पंचवटीत राहणारा चेकर इंदिरानगरला पोहोचेलच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या दिवसांपुरती घरून काम करायची परवानगी, त्यासाठीचे सुरक्षित लॅपटॉप आणि मुंबईतला एक पर्यायी चेकर, हे तिन्ही करारात आत्ताच घालून घ्या.