१ भागिले मूळ संख्या: आकडे किती अंकांनी रिपीट होतात ते हाताने कसं काढायचं

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जॉर्ज सॅमन म्हणून एक पाद्री होता, १८४८ ला त्याने कॉनिक सेक्शनवर (शंकू आडवा-तिरपा कापला की मिळणाऱ्या वर्तुळ, लंबवर्तुळ वगैरे वक्र रेषा) पुस्तक काढलं आणि पुढे कित्येक वर्षं पोरं त्यावरच शिकली, पण १८६६ ला गडी धर्मशास्त्राचा प्रोफेसर झाला आणि गणितातलं संशोधन जवळपास सुटलंच. आकडेमोडीची खोड मात्र गेली नाही. फावल्या वेळात १ ला मूळ संख्येने भागायचं आणि दशांशातले आकडे किती अंकांनंतर परत फिरतात ते मोजायचं, हा त्याचा टाइमपास. तोही कॅल्क्युलेटर नसताना!

कागद-पेन घ्या. २ आणि ५ सोडून कुठलीही मूळ संख्या चालेल, आपण १७ घेऊ.

बाकी १ धरून सुरुवात करायची, बाकीला १० ने गुणायचं, १७ ने भागायचं, जितका भाग लागला तो आकडा लिहून ठेवायचा आणि उरली ती नवी बाकी. १० ला भाग जात नाही म्हणून ०, बाकी १०. मग १०० ला ५ चा भाग, बाकी १५. १५० ला ८ चा, बाकी १४. पुढे बाक्या येतात ४, ६, ९, ५, १६. बाकी परत १ आली की चक्र पूर्ण, पण तिथपर्यंत जायचंच नाही, खरी मजा इथेच आहे. १६ म्हणजे १७ ला एक कमी, अशी बाकी दिसली की समजायचं आपण बरोब्बर अर्ध्यात आलोय. आठ पायऱ्या झाल्या, म्हणजे चक्र १६ अंकांचं. लिहिलेले आठ आकडे ०५८८२३५२, यातला एकेक ९ मधून वजा करत जा, ९४११७६४७, झाला उरलेला अर्धा भाग फुकटात.

काही वेळा ती एक कमीवाली बाकी येतच नाही, थेट १ येते. ३७ ला बघा, १०, २६, १, खेळ खल्लास, तीनच अंक. चक्र विषम अंकांचं असलं की असंच होतं.

आणि उत्तर आलं की चेक करायचंच. चक्राची लांबी नेहमी मूळ संख्या वजा १ ला पूर्ण भाग जाणारी असते. मी एकदा १९ ला १७ अंक काढून खुशीत बसलेलो, १८ ला १७ ने कुठे भाग जातो, म्हणजे मध्येच एक बाकी चुकलेली, परत केलं तेव्हा १८ आले.