बेस गिटार कशी निवडावी, आणि महागड्या गिटारीनं हात सुधारतो का?

मार्चमध्ये परभणीचा एक अकरावीतला मुलगा पाठीवर बेस गिटार घेऊन माझ्याकडे आला. १४ एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात, भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात त्याला पहिल्यांदाच वाजवायचं होतं. "दादा, बोटं फुटायलीत, पण आवाज काही निघंना. बाबा पस्तीस हजार द्यायलेत. नवी कोणती घेऊ ते सांगा." गिटार हातात घेऊन मोजपट्टी लावली. डाव्या हातात धरायच्या लांब दांड्याला मान म्हणतात आणि तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना फ्रेट. बाराव्या फ्रेटवर जाड तार चार मिलिमीटर वर होती. कारखान्यातून निघाल्यापासून तिला कुणी पाना लावलेलाच नव्हता.

त्याच्या वयाच्या थोडं पुढे मीही हेच केलं होतं. पहिली गिटार नीट वाजत नाही म्हणून दोन वर्षं पैसे साठवून तिच्या चौपट किमतीची आणली. तीही तशीच वाजली, कारण तिच्याही तारा उंच होत्या आणि माझा डावा हात तितकाच कच्चा होता. म्हणून कोणी "कोणती घेऊ" विचारलं की मी कंपनीचं नाव शेवटी सांगतो. त्याआधी करायची कामं खाली क्रमानं लिहिली आहेत.

आधी गायकाची पट्टी विचारा

चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ई, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. आपल्याकडे पुरुष गायक बऱ्याचदा काळी एक, पांढरी दोन किंवा काळी दोनमध्ये गातात. या तिन्ही पट्ट्यांचा खर्जातला सा त्या तारेच्याही खाली जातो. मग चार तारांवर सा वरच्या सप्तकातला घ्यावा लागतो आणि गाण्याखालचा पाया हलका होतो. पाच तारांच्या गिटारीवर खाली बी ही जादा तार असते. तिच्या दुसऱ्या फ्रेटवर काळी एक मिळते, तिसऱ्यावर पांढरी दोन, चौथ्यावर काळी दोन. गायिका काळी चार किंवा काळी पाचमध्ये गात असेल तर चार तारा पुरतात, कारण तिचा सा ई तारेच्याच चौथ्या किंवा सहाव्या फ्रेटवर असतो.

तरीही शिकणाऱ्यानं चार तारांचीच घ्यावी, असं माझं मत आहे. पाच तारांची मान रुंद असते, नको असलेली तार सतत दाबून गप्प ठेवावी लागते, आणि स्वस्तातल्या गिटारींची बी तार बहुतेक वेळा ढिली, गुरगुरणारी असते. ऑर्केस्ट्राला अगदीच गरज असेल तर ई तार उतरवून डीला लावा. पांढरी दोनचं काम भागतं.

मापाचंही आधीच ठरवा. नेहमीच्या बेसवर तारेची लांबी ३४ इंच असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा लहान हाताच्या माणसाला ३० इंची मिळाली तर हात लवकर बसतो. तिला कमी प्रतीची समजू नका. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांची हॉफ्नर कंपनीची बेस याच छोट्या मापाची आहे.

दुकानात काय बघायचं

गिटार अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, न जोडता आधी तशीच वाजवा. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट, एकही न सोडता. दहा मिनिटं लागतात, दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्या. एखादा सूर खरखरला किंवा लगेच मेला तर तिथला फ्रेट उंच-सखल आहे. सगळीकडेच खरखर असेल तर तो जुळवणीचा, म्हणजे मान आणि तारांची उंची नीट लावण्याचा प्रश्न आहे आणि तो सुटतो. एकाच ठिकाणी असेल तर दुसरी गिटार मागा.

मग मानेच्या कडेवरून अंगठा फिरवा. फ्रेटची टोकं टोचतात का? आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. पट्टा लावून उभं राहा आणि दोन्ही हात सोडा. मान जमिनीकडे झुकत असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा हात वाजवण्याऐवजी मान उचलण्यातच दमेल. मग अ‍ॅम्पला जोडून प्रत्येक नॉब फिरवा. खरखर आली तर आत धूळ किंवा सैल जोडणी आहे. ऑनलाइन मागवत असाल तर हीच तपासणी परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी करा.

जुळवणी: इथं घाई करू नका

गंगाखेडला कीर्तनाआधी पखवाजवाल्याला कणीक मळताना पाहा. डाव्या तोंडाला थोडी लावतो, थाप मारतो, थोडी काढतो, पुन्हा थाप. खर्ज बसेपर्यंत तो अभंगाला हात घालत नाही. पखवाज महाग असो की साधा, हे काम चुकत नाही. बेसच्या बाबतीत मात्र आपण खोक्यातून काढली की थेट वाजवायला बसतो.

क्रम असा ठेवा. आधी नव्या तारा. जाडी ४५ ते १०५ (इंचाचे हजारावे भाग) अशी लिहिलेला संच सर्वसाधारण आहे. सुरात लावा, मग मान तपासा. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि त्याच वेळी मान धडाला जुळते तिथल्या फ्रेटवरही दाबा. आता तार म्हणजे सरळ रेघ. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पत्त्याच्या एका पानाएवढी फट हवी, साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर. फट जास्त असेल तर मानेतला लोखंडी रॉड घड्याळाच्या दिशेनं कसायचा. फट नसेलच तर उलट सोडायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावून पुन्हा मोजायचं. पाना अडला तर जोर करू नका, जाणत्या कारागिराकडे न्या. रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त गिटारीच्या किमतीएवढा होतो.

त्यानंतर धडावर तारा जिथं टेकतात त्या ब्रिजवरच्या छोट्या स्क्रूंनी तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन. शाळेची मोजपट्टी पुरते. जोरात वाजवणाऱ्यानं किंचित जास्त ठेवावी.

मग सुरेलपणा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून घंटेसारखा हलका सूर (हार्मोनिक) काढा, आणि तिथंच तार दाबून सूर काढा. मोबाइलच्या ट्यूनरवर दोन्ही सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर त्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो छोटा तुकडा) मानेपासून दूर सरकवा, उतरा असेल तर जवळ आणा. चारही तारांचं हे झालं की शेवटी पिकअपची, म्हणजे तारांखालच्या, त्यांची कंपनं टिपणाऱ्या भागाची उंची बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबली असता पिकअप आणि तार यांत तीनेक मिलिमीटर अंतर ठेवा.

हे काम वर्षातून निदान दोनदा करावं लागतं, मराठवाड्यात तर नक्कीच. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि डिसेंबरात कृषी विद्यापीठाच्या नोंदीत तो एक आकडी उतरतो. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान पुढे वाकते, तारा उंच होतात. उन्हाळ्यात ती सरळ होते आणि तारा फ्रेटला घासू लागतात. यात गिटार बिघडलेली नसते. ती उन्हात उभ्या गाडीत, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, एवढं पुरे.

अ‍ॅम्पला पैसे राखून ठेवा

मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. मोबाइलचा स्पीकर तिथवर पोचतच नाही, आणि आपला कानही इतक्या खालच्या सुराला मंद असतो. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस तारा ओरबाडतो, आणि ती सवय पुढे सुटत नाही. त्यामुळे तीस हजारांची गिटार आणि शून्य अ‍ॅम्प यापेक्षा अठराची गिटार आणि आठ-दहाचा अ‍ॅम्प कधीही बरा.

घरी सरावाला २० ते ३० वॉटचा, खास बेससाठीचा अ‍ॅम्प घ्या. साध्या गिटारीच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये बेस मोठ्यानं वाजवली तर त्याचा स्पीकर फाटू शकतो. रात्री शेजाऱ्यांची अडचण असेल तर गिटारीतच खोचायचा हेडफोन अ‍ॅम्प मिळतो. तो बॅटरीवर चालतो, लाइट गेली तरी सराव थांबत नाही. कार्यक्रमासाठी मोठा अ‍ॅम्प घेण्याची घाई नको. एक डीआय बॉक्स (गिटारीचा आवाज मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) घ्या आणि साउंडवाल्याच्या मिक्सरला थेट जोडा.

जनरेटरवरच्या कार्यक्रमात मात्र हे विसरू नका. अर्थिंग नसेल तर गिटारीच्या तारांना हात आणि माइकला ओठ लागताच झटका बसू शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. वाजवायला उभं राहण्याआधी माइकच्या जाळीला आणि अ‍ॅम्पच्या धातूला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर अर्थिंग होईपर्यंत गिटारीला हात लावू नका. घुमणारा आवाज थांबावा म्हणून तीन पिनांतली अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका.

मग किमतीत नेमकं काय मिळतं?

सध्या यामाहा, इबानेझ, कॉर्ट यांच्या सुरुवातीच्या बेस साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत येतात, फेंडरचीच धाकटी पाती असलेली स्क्वायर त्याच्या आसपास किंवा थोडी वर. अमेरिकेत बनलेली फेंडर दोन लाखांच्या घरात जाते. दहापट पैशांत दहापट चांगला आवाज मिळत नाही. फ्रेटच्या कडा हातानं घासलेल्या मिळतात, सूर न उतरणाऱ्या खुंट्या मिळतात, कमी गुणगुणणारे पिकअप आणि निवडक लाकूड मिळतं, आणि तिथल्या कारागिराची मजुरीही त्यातच असते. हे सगळं खरं आहे. आठवड्याला चार कार्यक्रम करणाऱ्याला किंवा स्टुडिओत बसणाऱ्याला त्याचा रोज उपयोग होतो. पण लाकूड कापण्याचं काम आता संगणकावर चालणारी यंत्रं करतात, म्हणून आजची वीस हजारांची गिटार नीट जुळवली तर वाजवायला खरोखर चांगली असते.

व्हायोलिनवाल्यांनी हा प्रश्न रीतसर तपासून पाहिला आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथं क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २१ वादकांना काळे चष्मे लावून सहा व्हायोलिनी वाजवायला दिल्या. तीन नव्या आणि तीन जुन्या, जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरी, म्हणजे इटलीतल्या नामवंत कारागिराच्या, अतिशय महागड्या. सर्वांत आवडती ठरली ती नवी होती, सर्वांत नावडती एक स्ट्रॅडिव्हरी. नवी कोणती आणि जुनी कोणती, हे बहुतेकांना सांगता आलं नाही.

बेसचा इतिहासही हेच दाखवतो. लिओ फेंडर यांची प्रिसिजन बेस १९५१ साली आली. बेसवादक जेम्स जेमर्सन यांनी मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीची साठच्या दशकातली असंख्य गाणी १९६२ च्या एका प्रिसिजनवर वाजवली, बहुतांशी उजव्या हाताच्या एकाच बोटानं. तारा सपाट गुंडाळीच्या, त्याही क्वचितच बदललेल्या. दुसरे नावाजलेले बेसवादक जाको पास्टोरियस यांच्या फेंडर जॅझ बेसवरचे फ्रेट काढलेले होते आणि बोटांखालच्या लाकडी पट्टीवर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलेलं होतं. दोघांची गिटार कारखान्यात बनलेली, दुकानात मिळणारी होती.

किंमत तुमच्या कानाला फसवते का, हे घरीही बघता येतं. मित्राची महाग आणि तुमची साधी, दोन्हींना एकाच जाडीच्या नव्या तारा लावा, दोन्हींची उंची सारखी करा, एकाच अ‍ॅम्पमधून एकाच माणसानं एकच ओळ वाजवावी, आणि तुम्ही पाठ करून बसा. वीस वेळा ऐका, प्रत्येक वेळी कोणती ते कागदावर लिहा. दहा-अकरा वेळाच बरोबर आलं तर तो नुसता अंदाज होता.

त्या मुलाच्या गिटारीला नव्या तारा लावल्या, मान पाऊण फेरा कसली, जाड तार चारवरून अडीच मिलिमीटरवर आणली. दीड तास लागला. पाना त्याच्याच हातात दिला होता. पस्तीस हजारांतून त्यानं बेसचा छोटा अ‍ॅम्प, डीआय बॉक्स, चांगली केबल आणि तारांचा एक जादा संच घेतला; सोळा हजार उरले, ते बाबांना परत दिले. महिनाभर रोज तासभर मेट्रोनोमबरोबर, म्हणजे टिकटिक करून लय देणाऱ्या यंत्राबरोबर बसला. १४ एप्रिलला संध्याकाळी स्टेजवर अजून दिवसभराची धग होती. तिसऱ्या गाण्यानंतर निवेदक बोलत असताना त्यानं आवाज बंद केला, ट्यूनर लावला, उतरलेली ए तार सुरात आणली आणि चौथ्या गाण्याची सम बरोबर पकडली.