परदेशी सहकाऱ्याचा होकार-नकार नीट कसा ओळखायचा

वेगवेगळ्या देशांतल्या टीम्सकडून वेळेत काम करून घेणं हा माझा रोजचा व्यवसाय. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते: "शुक्रवारपर्यंत होईल ना?" असं विचारू नका.

ज्या समाजात माणूस आधी घराचा, गटाचा, संस्थेचा असतो, तिथे या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणणं म्हणजे चारचौघांत समोरच्याला तोंडघशी पाडणं. म्हणून उत्तर 'हो' येतं. त्यात फसवणूक नसते, तुमचा मान राखलेला असतो. खरा नकार आजूबाजूला सापडतो: उत्तराआधीची लांबलेली शांतता, "प्रयत्न करतो", "वरिष्ठांशी बोलून कळवतो", नाहीतर मध्येच बदललेला विषय. असं काही दिसलं की तोच प्रश्न पुन्हा रेटू नका.

त्याऐवजी विचारा, "शुक्रवारच्या आधी काय काय उरकायचं राहिलंय? त्यातलं सगळ्यात जास्त वेळ कशाला लागेल?" आता समोरच्याला तुम्हाला नकार द्यायचा नसतो, फक्त कामं सांगायची असतात. चाचणीचा अहवाल बुधवारी मिळणार आणि त्यावर सही करणारे गुरुवारी रजेवर, हे बोलण्याच्या ओघात आपोआप बाहेर येतं. तारीख पुढे जाणार हे दोघांनाही कळतं, कुणाची मान खाली जात नाही. मग नवी तारीख तुम्हीच सुचवा. हे सगळं बैठकीच्या आधी, एकेकाशी बोलून करावं. जपानी कंपन्यांमध्ये तर ही रूढ पद्धतच आहे, तिला नेमावाशी म्हणतात. संबंधित लोकांची मतं आधीच जुळवून घ्यायची, बैठकीत फक्त शिक्कामोर्तब. बाहेरच्यांना यात वेळ वाया जातो असं वाटतं. मला पटत नाही. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावलेला आणि नंतर कुणीच न पाळलेला निर्णय त्याहून कितीतरी महाग पडतो.

व्यक्तीचं मत महत्त्वाचं मानणाऱ्या समाजातल्या माणसाशी लिहिताना क्रम उलटा ठेवा. काय हवंय आणि कधीपर्यंत, हे ईमेलच्या पहिल्या ओळीत. कारणं नंतर. "जमलं तर बघा" असं लिहिलंत तर तो जमलं तरच बघेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. नकारही तसाच द्या: "सोमवारी होणार नाही, बुधवारी देते." त्याने "हे मला पटत नाही" म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका, त्याचा वाद मुद्द्याशी आहे.

कौतुक करतानाही जरा बघून. सामूहिक वळणाच्या टीममध्ये एकट्याचं जाहीर कौतुक झालं की तो माणूस अवघडतो. टीमचं नाव घ्या, त्याला वेगळं कळवा. चूक मात्र कुठेही असलात तरी एकांतातच सांगावी, असं माझं ठाम मत आहे.

समोरचा कुठल्या वळणाचा, हे देशावरून ठरवण्याचा मोह होतो. डच अभ्यासक खेर्त हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून देशांना व्यक्तिवादाचे गुण दिले: अमेरिकेला ९१, जपानला ४६, ग्वाटेमालाला ६. पण जपान इथे जवळपास मध्यावर आहे, आणि बोलण्यातली आडवळणं तर तिथे भरपूर. कारण किती गोष्टी शब्दांत मांडायच्या आणि किती संदर्भावर सोडायच्या, ही वेगळीच बाब आहे. तिची मांडणी अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ साली केली. दोन्हींची गल्लत करू नका. शिवाय ते गुण देशाच्या सरासरीचे. तुमच्याशी बोलणारा माणूस त्या सरासरीहून पार निराळा असू शकतो.

म्हणून त्याचे ईमेल वाचा. तो 'मी' लिहितो की 'आम्ही'? आधी काम सांगतो की विचारपूस करतो? सीसीमध्ये कुणाकुणाला ठेवतो? आणि तोच माणूस साहेबांसमोर कसा बोलतो, एकटा असताना कसा, हेही पाहा. चॅटवर मोकळेपणाने अडचणी सांगणारी तरुण इंजिनिअर वरिष्ठ कॉलवर आले की गप्प होते. अशा वेळी तिला तिथे काही विचारू नका, कॉल संपल्यावर चॅटवर विचारा आणि वरिष्ठांना कळवायचं असेल तर ते कोणत्या शब्दांत, हेही तिलाच ठरवू द्या.