486 चा मदरबोर्ड दुरुस्त करताय? या चुका टाळा

भंगारातून किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या बंद वर्कशॉपमधून 386-486 चा (म्हणजे त्या जुन्या इंटेल प्रोसेसरच्या पीसीचा) बोर्ड हाती आला की आधी सप्लाय जोडून बघायचा मोह होतो. पहिली चूक तीच. कीबोर्डच्या सॉकेटजवळ नळकांड्यासारखी 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असेल, तर ती वरून धड दिसली तरी कापून काढा.

पाझरलेल्या बॅटरीवर खाण्याचा सोडा चोळू नका. तो ॲसिडवरचा उपाय. हिच्यातून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. त्यावर पांढरं व्हिनेगर टूथब्रशने लावा आणि पाचेक मिनिटांत डिस्टिल्ड वॉटरने (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच) धुवून टाका. व्हिनेगर मागे राहिलं तर तेही तांबं खातं. शेवटचा हात 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा.

वाळवायची घाई नको. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात तर पंख्याखाली दोन दिवस ठेवाच. स्लॉटच्या आत आणि चिपखाली पाणी दडून बसतं.

खरं काम पुढे. हिरवा लेप जिथे काळवंडलाय, तिथे ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) आतून खाल्लेला असतो. ब्लेडने हलकेच खरवडा, तांबं चकाकलं की सोल्डरचा पातळ थर द्या. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून ट्रॅकची दोन्ही टोकं तपासा. आवाज नाही? त्या दोन टोकांमध्ये 30 गेजची बारीक वायर ओढा. कीबोर्ड कंट्रोलर ते सॉकेट हा भाग आधी बघा, कारण बॅटरीच्या शेजारी तोच.

सप्लायचे दोन प्लग जोडताना काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी हव्यात. उलटे बसले तर बोर्ड गेलाच. त्याआधी 12 व्होल्ट आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजा. शून्याजवळ आला तर बहुधा टँटलम कपॅसिटर शॉर्ट आहे. मायक्रोफॅरड (कपॅसिटरची क्षमता) तेवढेच ठेवून 25 व्होल्टचा घाला. टँटलमवरची पट्टी प्लसची, इलेक्ट्रोलिटिकवरची मायनसची. इथे भलेभले फसतात.

जुन्या बॅटरीच्या जागी सीआर2032 (नाण्यासारखा चार्ज न होणारा सेल) थेट जोडू नका. बोर्ड तिला चार्ज करायला जातो आणि सेल फुटू शकतो. मध्ये एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, पट्टीचं टोक बोर्डाकडे.

सगळं चाललं, पण हार्ड डिस्क दिसत नाही? बॅटरीबरोबर सेटअपही (बोर्डाने लक्षात ठेवलेली माहिती) पुसला गेलाय. डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडे सेटअपमध्ये हाताने भरा. एएमआय कंपनीच्या बायॉसमध्ये (बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) त्यासाठी टाइप 47 असतो.